मागे फिरण्याची वेळ

मे महिन्याचा दुसरा रविवार. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, पहाटेचे तीन वाजले आहेत. सेंट हेलेन्स नावाच्या पर्वताच्या पायथ्याशी कपाळावर दिवे बांधलेली माणसे बूट आवळत आहेत. पाठीवर स्की, हातात बर्फाची कुऱ्हाड आणि अंगात चक्क फुलाफुलांचे झगे! बायकांच्याच नव्हे, तर दाढीवाल्या बाप्यांच्याही. तिकडे हा दिवस ‘मदर्स डे’चा, म्हणजे आईचा. आईच्या सन्मानार्थ झगा घालून डोंगर चढायचा आणि माथ्यावरून बर्फावर घसरत खाली यायचे, असा तिथला गमतीचा रिवाज आहे. थट्टा म्हणून सुरू झालेली ही गोष्ट आता जवळजवळ सणच झाली आहे.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते, त्या आपल्याला हे सारे वेडेपणाचे वाटेल. त्यातून हा डोंगर साधासुधा नाही. १८ मे १९८० रोजी, तोही रविवारच, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला आणि या पर्वताची उत्तरेकडची बाजू ढासळली. पाठोपाठ ज्वालामुखीचा स्फोट झाला. ५७ माणसे मृत्युमुखी पडली. ९,६७७ फूट उंचीचा डोंगर ८,३६३ फुटांवर आला. पर्वतावर पाळत ठेवणारे तरुण भूवैज्ञानिक डेव्हिड जॉन्स्टन आपल्या निरीक्षणाच्या जागीच गेले. १९८७ मध्ये हा पर्वत पुन्हा गिर्यारोहकांना खुला झाला. आज त्याच्या विवराच्या सावलीत एक नवी हिमनदी तयार झाली आहे. जगभरच्या हिमनद्या आक्रसत असताना, आगीच्या तोंडाशी वाढलेले हे बर्फाचे लेकरू!

सेंट हेलेन्स एकटा नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून कॅनडापर्यंत पसरलेल्या कॅस्केड पर्वतरांगेत शास्टा, हुड, ॲडम्स, रेनियर, बेकर असे ज्वालामुखी ओळीने उभे आहेत. समुद्रतळाचा एक तुकडा उत्तर अमेरिका खंडाखाली सरकतो आहे आणि त्यातून निर्माण झालेला रस या डोंगरांना जन्म देत आला आहे. यांतला १४,४१० फुटांचा रेनियर सर्वांत उंच. त्याच्या अंगावर पंचविसाहून अधिक हिमनद्या आहेत. इतके बर्फ येते कुठून? जे आपल्या सह्याद्रीवर पावसाळ्यात घडते, तेच तिथे हिवाळ्यात घडते. समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंडावतात आणि ओझे टाकून मोकळे होतात. आपल्याकडे आंबोली-महाबळेश्वरला पाऊस कोसळतो, तिथे हिम पडते. १९९८-९९ च्या मोसमात बेकर पर्वतावरील स्कीइंगच्या केंद्रात १,१४० इंच हिम पडल्याची नोंद आहे. म्हणजे ९५ फूट, नऊमजली इमारतीइतके!

हिवाळ्यात वादळे येतात, दिवस लहान असतो, ताजे हिम केव्हा कोसळेल याचा भरवसा नसतो. म्हणून जाणती माणसे थांबतात. एप्रिल सरता सरता वादळे ओसरतात, हिमाचे थर दबून एकजीव होतात, दिवस मोठा होतो. मग मे-जूनमध्ये या ज्वालामुखींवर स्कीइंगचा खरा हंगाम सुरू होतो. येथे वर नेणारा पाळणा नसतो. जेवढे उतरायचे तेवढे आधी आपल्या पायांनी चढायचे. सेंट हेलेन्सच्या नेहमीच्या हिवाळी वाटेने ही चढाई सुमारे ५,७०० फुटांची आहे. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवतात. पूर्वी त्या सील प्राण्याच्या कातडीच्या असत, आता नायलॉनच्या किंवा मोहेर लोकरीच्या असतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी त्यांची लव एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत असते. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. सहा-सात तास चढायचे आणि तासाभरात खाली यायचे, असा हा व्यवहार. हिशेबी माणसाला तो तोट्याचाच वाटेल.

या साऱ्या खेळाचे नियम बर्फ ठरवते आणि बर्फ चालते घड्याळावर. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते आणि पृष्ठभाग काचेसारखा कडक होतो. रात्री आभाळ भरलेले असेल तर नीट गोठतच नाही. पहाटेच्या त्या कडक बर्फावर बुटांना लोखंडी खिळ्यांचे क्रॅम्पॉन बांधून चढता येते, मात्र घसरले तर थांबणे कठीण. सूर्य वर आला की वरचा बोटभर थर सुटू लागतो. रोजच्या गोठण्या-वितळण्याने बर्फाचे कण भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे झालेले असतात. तिकडचे लोक त्याला मक्याच्या दाण्याची उपमा देऊन ‘कॉर्न’ म्हणतात. ही वेळ खरी सोन्याची. स्की लोण्यातून सुरी फिरावी तशी वळते. पण ही घटका तास-दोन तासांची. दुपारकडे तोच बर्फ गुडघाभर खिचडी होतो. मग उतारावरून ओले हिम घसरू लागते आणि हिमनदीतल्या खोल भेगांवर हिवाळ्याने घातलेले बर्फाचे पूल नरम पडतात. सकाळी ज्या पुलाने आपले ओझे मुकाट पेलले, तोच दुपारी दगा देऊ शकतो. म्हणून हिमनदीवर एकमेकांना दोराने बांधून चालायचे आणि वर निघण्याआधीच परतीची वेळ ठरवून ठेवायची. त्या वेळेला माथा शंभर पावलांवर असला, तरी मागे फिरायचे.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. १९३४ मध्ये रेनियरवर ‘सिल्व्हर स्कीज’ नावाची शर्यत सुरू झाली. दहा हजार फुटांवरच्या तळावरून साडेचार हजारांहून अधिक फूट खाली, सर्वांनी एकदमच सुटायचे! सिगर्ड हॉल नावाचा धाडसी स्कीपटू १९३९ मध्ये स्कीवरून रेनियरच्या माथ्यावर पोचलेला पहिला माणूस ठरला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४० मध्ये, त्याच पर्वतावर, याच शर्यतीत, धुक्यात खडकांवर आदळून तो मरण पावला. जो डोंगर त्याच्याइतका फार थोड्यांना ठाऊक होता, त्यानेच त्याला नेले.

सरावाने माणूस सुरक्षित होतो, हा आपला मोठा गोड गैरसमज आहे. सेंट हेलेन्सच्या विवराच्या काठावर वारा बर्फाचा छज्जा बांधतो. खाली आधार नसतो, वरून मात्र तो घट्ट जमीनच वाटतो. फेब्रुवारी २०१० मध्ये साठाहून अधिक वेळा हा डोंगर चढलेला एक गिर्यारोहक माथ्यावर छायाचित्रासाठी उभा राहिला आणि छज्जासकट सुमारे पंधराशे फूट विवरात गेला. मार्च २०२४ मध्ये असाच एक अनुभवी माणूस त्याच काठावरून गेला. डोंगर आपली हजेरी मांडत नाही. साठ वेळा आलात म्हणून एकसष्टाव्या वेळी तो सवलत देत नाही.

आणि सारे नियम पाळूनही काही वेळा दान उलटे पडते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २१ जून १९८१ रोजी रेनियरच्या इंग्रॅहॅम हिमनदीवर भल्या पहाटे एक तुकडी थांबली होती. वाटाडे पुढची वाट तपासत होते. वरचा बर्फाचा कडा तुटला आणि ११ जण गाडले गेले. त्यांचे देह आजही त्या हिमनदीच्या पोटात आहेत. ते लवकर निघाले होते, वाटाडे सोबत होते, काळजीही घेतली जात होती. अशा मृत्यूला कुणाचा दोष म्हणायचा? काही मृत्यूंना दोषी नसतोच, आणि ही गोष्ट पचवणे दोषी सापडण्यापेक्षा अवघड असते.

मात्र १९८६ च्या मे महिन्यातील घटना वेगळी आहे. ओरेगॉन राज्यातील एका शाळेची मुले, साधारण आपल्या दहावीच्या वयाची, शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून हुड पर्वत चढायला निघाली. तारीख १२ मे, म्हणजे मदर्स डेचा दुसरा दिवस. मध्यरात्रीनंतर सारे निघाले. काही जण दमून, आजारी पडून मध्येच परतले. त्यांना वाटेत आपण हरलो असे वाटले असेल. तीच मुले वाचली. उरलेले वर चढत राहिले. हवा बिघडत होती, वेळ टळत होती, पण माथा जवळ होता. ते मागे फिरले तेव्हा दुपार उलटली होती आणि वादळाने वाट पुसून टाकली होती. तेरा जणांनी मोजक्या माणसांपुरती बर्फाची गुहा खोदून त्यात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दोघे मदत आणायला बाहेर पडले आणि कसेबसे खाली पोचले. शोधपथकांना ती गुहा सापडली १५ मेला. तोपर्यंत ती कित्येक फूट बर्फाखाली गेली होती. मागे राहिलेल्या अकरांपैकी दोघेच जगले. सात विद्यार्थी आणि दोन मोठी माणसे, असे नऊ जण गेले.

त्या नऊ जणांना डोंगराने मारले असे म्हणणे सोपे आहे. पण तो दिवस आठवला की मन एकाच क्षणापाशी अडते. ‘इथून परत जाऊ या’ हे वाक्य एखाद्या मोठ्या माणसाने वेळेवर उच्चारायचे होते. ते उच्चारणे इतके जड का जाते? कारण आपण सगळ्यांनीच, इकडे आणि तिकडेही, माथ्याला यश म्हटले आहे आणि परतण्याला अपयश. वर्गात पहिला येणाऱ्याला टाळ्या, शिखर गाठणाऱ्याला हार. अर्ध्या वाटेवरून शहाणपणाने परतलेल्याचा सत्कार कुठे झालेला ऐकिवात आहे?

अपघाताची बातमी वाचली की आपल्या घरांत एक वाक्य ठरलेले असते, ‘कशाला गेले होते मरायला?’ यात काळजी असते, पण त्याहून जास्त असते सुटका. त्यांचा वेडेपणा सिद्ध झाला की आपल्याला विचार करावा लागत नाही. पण डोंगर, पाणी, वारा यांची ओढ तरुण मनाला असणारच. ज्या घरात ती दाबली जाते त्या घरातली मुले न सांगता जातात, आणि न सांगता गेलेल्याला शोधायला कुणी वेळेवर जाऊ शकत नाही. बंदी हा उपाय सर्वांत सोपा म्हणून सर्वांना आवडतो. तो चालत मात्र नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. एक तर सिएटलच्या परिसरात आज संगणकाच्या व्यवसायानिमित्त कितीतरी मराठी घरे आहेत. खिडकीतून रेनियर दिसत असता त्यांची मुले कायम घरात बसतील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. दुसरे, आपला सह्याद्रीही आगीचेच अपत्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांवर आपले गडकोट उभे आहेत. तो ज्वालामुखी कधीच थंडावला, पण पावसाळ्यातले त्याचे ओढे घड्याळावरच चालतात. ३० जून २०२४ रोजी, पुन्हा रविवारीच, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार लहान मुले होती. ते साहसाला गेले नव्हते, सहलीला गेले होते. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली पोचायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात पायाखालचे पाणी कमरेला येते. तिथला दुपारचा बर्फ आणि इथला वाढता ओढा, दोघांचेही सांगणे एकच असते, ‘आता निघा.’

मग आई-बापांनी करायचे काय? मला वाटते, प्रश्न बदलायचे. मुलगा किंवा मुलगी डोंगरावर निघाली की आपण विचारतो, ‘डबा घेतलास का? सोबत कोण आहे?’ आणि आल्यावर विचारतो, ‘वरपर्यंत गेलात का?’ यांत आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. ‘किती वाजता मागे फिरायचे ठरवले आहे?’ आणि ‘ती वेळ झाली हे तुमच्यात कोण सांगणार?’ या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर दोर, शिरस्त्राण, भ्रमणध्वनी आणि उपग्रहाशी बोलणारी यंत्रे असूनही तयारी अपुरी आहे. आणि मूल माथ्याला हात न लावता परत आले, तर त्याची समजूत काढायला जाऊ नये. गरम पाणी तापवावे, पान वाढावे आणि काय काय पाहिले ते सविस्तर ऐकावे. ज्या घरात अर्ध्यावरून परतलेल्याचे स्वागत होते, त्या घरातल्या मुलाला अर्ध्यावरून परतणे सोपे जाते.

दर मेमध्ये सेंट हेलेन्सच्या माथ्यावरून ते रंगीबेरंगी झगे घसरत खाली येतात. त्यांच्यातही असे काही असतात की जे माथ्याच्या अलीकडेच वळलेले असतात. बर्फ लवकर सुटले, ढग आले, सोबत्याचा पाय दुखावला. खाली उतरून ओले झगे गाडीच्या दारांवर वाळत टाकतात आणि आईला फोन लावतात. वर गेलात का, असे तिने विचारले तर सांगतात, नाही, पण पोचलो आहोत. त्या दिवशी आईला द्यायला याहून मोठी भेट ती कोणती?