अबू धाबीच्या मैदानातले बूट

एकाच छपराखाली एक भाऊ लिव्हरपूलचा आणि दुसरा मँचेस्टर युनायटेडचा, अशी घरे आपल्या बेटात कमी नाहीत. रविवारी हरलेल्याने मुकाट्याने चहा प्यावा आणि दुसऱ्याने टोमणे मारावेत, एवढ्यावर ते भांडण मिटते. अबू धाबीत २९ जानेवारी २०१९ रोजी ते एवढ्यावर मिटले नाही.

आशिया चषकाचा उपांत्य सामना होता. यजमान संयुक्त अरब अमिराती, समोर कतार. अमिरातीने जून २०१७ मध्ये कतारशी संबंध तोडले होते, थेट विमाने बंद होती; म्हणून कतारचे पाठीराखे जवळजवळ नव्हतेच. त्यात अबू धाबीच्या क्रीडा मंडळाने उरलेली तिकिटे विकत घेऊन स्थानिकांना फुकट वाटली. अडतीस हजारांवर लोक जमले. पाहुण्यांच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली. मग खेळ सुरू झाला आणि यजमान संघ निष्प्रभ ठरला. पहिला गोल गोलरक्षकाच्या अंगाखालून निसटला, दुसरा अल्मोएझ अलीने केला. गॅलरीतून बूट आणि बाटल्या येऊ लागल्या. शेवटी ४-०.

प्रेक्षकांचा राग खोटा नव्हता. बाहरीन व थायलंडशी बरोबरी, किर्गिझस्तानवर जादा वेळेत विजय, असा हा संघ रडतखडत तिथवर आला होता. त्याबद्दल संघाला व प्रशिक्षक झाकेरोनींना खुशाल बोल लावावेत. पण बूट गेले ते चांगले खेळलेल्या कतारच्या मुलांवर! आमच्या मते दोष फेकणाऱ्यांपुरता नाही. फुकट तिकिटाबरोबर लोकांच्या हाती राज्यकर्त्यांचे भांडणही दिले गेले होते. पुढे आशियाई महासंघाने दीड लाख डॉलर दंड केला आणि एक सामना प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा दिली. ज्याने बूट पायातच ठेवला, त्यालाही दार बंद!

याच स्पर्धेत अमिरातीने भारताला २-० हरवले होते. भारताचे फटके दांडीवर आदळले. तिथले आपले लोक हळहळत घरी गेले.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यकर्त्यांनी समेट केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमिरातीने कतारला ५-० नमवले, त्यात चार गोल ब्राझीलमध्ये जन्मलेल्या फाबियो लिमाचे. २०१९ मध्ये कतारच्या परदेशात जन्मलेल्या खेळाडूंविरुद्ध तक्रार अमिरातीनेच केली होती, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

अरबांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. २३ मे १९९९ रोजी अंजले स्टेडियमवर स्काउट्स क्लब आणि फायर ब्रिगेड यांचा सामना झाला. त्यानंतर दंगल उसळली आणि पोर्ट लुईत लामिकालच्या आगीत सात जीव गेले. त्यांत लहान मुले होती. देशातले फुटबॉल बराच काळ बंद राहिले, पुढे संघ प्रदेशवार बांधावे लागले. पण वडीलधाऱ्यांनी पाहिलेली ती गर्दी परत आली नाही. आपल्या मैदानांच्या पायऱ्या आज रिकाम्या असतात, आणि आपण घरी बसून लिव्हरपूल पाहतो.