घोरपड रानात, दुकान खिशात

समजा, अष्टमीच्या पुलावर मित्राची वाट बघताय आणि मोबाइलवर पोस्ट आली : 'धनलाभासाठी अस्सल हत्ताजोडी'. हसून ग्रुपवर टाकाल ना? थांबा जरा.

हत्ताजोडी दुर्मिळ झाडाची मुळी म्हणून मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांतही विकली जायची. ती मुळी नाहीच. ते आहे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय, हे २०१७ मध्ये जगासमोर आलं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे; शिकार किंवा विक्री केली तर किमान तीन वर्षं कैद.

म्हणजे शिकार रानात होते, बाजार मात्र आपल्या खिशात भरतो. पण पुरावाही तिथेच असतो! अशा पोस्टखाली भांडत बसू नका. विक्रेता सावध होतो, पोस्ट उडवतो. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

आणखी एक. फणसाडला गेलात आणि दुर्मिळ प्राणी दिसला, तर फोटोसोबत लोकेशन टाकू नका. आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकतं. इन्स्टावर ते काम तुमचं.