मुद्दल विद्यापीठाचे, व्याज विद्यार्थ्याचे

तीर्थक्षेत्रावरील भोजनशाळेत ‘कायमी तिथी’ लिहून ठेवण्याची प्रथा व्यापारी कुटुंबांना नवीन नाही. वडिलांच्या किंवा आईच्या नावे ठरावीक रक्कम एकदाच भरावी, पेढीने ती ठेवीत गुंतवावी आणि दरवर्षी त्या तिथीच्या भोजनाचा खर्च व्याजातून भागवावा, अशी ही सरळ व्यवस्था आहे. देणगीदाराच्या नावाने विद्यापीठात चालणारी शिष्यवृत्तीही याच तत्त्वावर उभी असते. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून करायचा. फरक एवढाच की, भोजनशाळेत येईल त्याला पान वाढले जाते; शिष्यवृत्तीत मात्र अनेक अर्जदारांतून एकाची निवड करावी लागते. या निवडीसाठी नियम लागतात, आणि नियम लिहिताना देणगीदाराच्या मनाची खरी परीक्षा होते.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या एका जैन व्यापाऱ्याचे आहे. १८३१ साली जन्मलेले सुरतेचे प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या कापूस व शेअर बाजारातील त्या काळचे सर्वांत मोठे नाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६४ मध्ये प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ‘राजाबाई टॉवर’ म्हणून आजही उभा आहे. त्यांची दुसरी देणगी महाराष्ट्रात तितकीशी परिचित नाही. १८६६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. ही रक्कम एखाद्या मोठ्या कार्यासाठी वापरावी, एवढीच इच्छा त्यांनी व्यक्त केली. योजना विद्यापीठाने आखली. त्यातून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ जन्माला आली. दोन लाखांवर पाच टक्के दराने वर्षाला दहा हजार रुपये व्याज होते. तेवढ्यात दरसाल दोन हजारांच्या पाच शिष्यवृत्त्या बसतात. प्रत्येक शिष्यवृत्ती पाच वर्षांची, त्यामुळे दरवर्षी एक नवा विद्वान निवडता येई आणि एक मुदत पूर्ण करून बाहेर पडे. पेढीवरच्या मुनिमालाही समाधान वाटावे असा हा हिशेब होता.

युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ च्या पडझडीने मुंबईतील अनेक पेढ्या व बँका बुडवल्या. प्रेमचंदांचे वैभवही त्या लाटेत गेले. परंतु विद्यापीठांकडे सोपवलेले मुद्दल त्यांच्या खातेवहीत उरलेले नव्हते, म्हणून ते वाचले. त्या व्याजावर शिकलेल्यांत पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी आहेत. १८९७ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळवणारे जदुनाथ सरकार आहेत, ज्यांचा शिवछत्रपतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ती मिळवून युरोपात संशोधनासाठी गेलेले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा आहेत. यांपैकी कोणीही प्रेमचंदांच्या गावचा, भाषेचा किंवा समाजाचा नव्हता.

मुंबईतही असे उदाहरण आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये अव्वल येणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळत असे. १९१२ मध्ये तिचे मानकरी ठरलेले चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, तरी त्या शिष्यवृत्तीचे नाव पुसले गेले नाही. ज्या देणगीचे नियम सुटसुटीत असतात, ती संस्था बदलली तरी टिकते.

आज एखाद्या कुटुंबास अशी शिष्यवृत्ती स्थापन करावयाची झाल्यास क्रम साधारण असा असतो. प्रथम विद्यापीठाकडे प्रस्ताव द्यावयाचा. विद्यापीठ तो तपासून आपल्या अधिकार मंडळापुढे ठेवते. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत देणगी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेला असतो. त्यानंतर दानपत्र किंवा करारनामा होतो, रक्कम स्वतंत्र निधीत जमा होते आणि शिष्यवृत्तीची नियमावली मंजूर होते. रक्कम कायमनिधीसाठीच आहे, असा लेखी निर्देश देणगीसोबत देणे आणि पावतीवर तसा उल्लेख करून घेणे अत्यावश्यक आहे. हा निर्देश नसेल, तर ती देणगी सर्वसाधारण उत्पन्नात धरली जाऊन चालू खर्चात विरून जाण्याचा धोका राहतो.

दानपत्रातील सर्वांत दुर्लक्षित कलम व्याजाच्या विनियोगाचे असते. समजा, दहा लाख रुपयांवर साडेसहा टक्के दराने पासष्ट हजार रुपये व्याज येते. ते सर्व दरवर्षी वाटून टाकले, तर पहिल्या वर्षी समारंभ शोभून दिसेल. परंतु महागाई सहा टक्के धरली, तर बहात्तरला सहाने भागून उत्तर बारा येते. म्हणजे बारा वर्षांत त्या पासष्ट हजारांची किंमत निम्मी होईल आणि चोवीस वर्षांत चतुर्थांश. जुन्या कायमी तिथीच्या रकमेत आज एका पंगतीचा खर्चही निघत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून व्याजाचा एक भाग, निदान चौथा हिस्सा, दरवर्षी मुद्दलात मिळवावा, असे दानपत्रातच लिहावे. एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थी न मिळाल्यास न वाटलेले व्याजही मुद्दलातच जावे.

त्यानंतर पात्रतेच्या अटी येतात. येथे देणगीदाराचे प्रेमच आड येते. विद्यार्थिनी अमुक तालुक्याची असावी, वाणिज्य शाखेचीच असावी, पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक गुण असावेत, आणि वडिलांचा व्यवसाय अमुक असावा, अशा चार अटी एकत्र आल्या की प्रत्येक अट स्वतंत्रपणे वाजवी असली, तरी चारही पूर्ण करणारी मुलगी दहा वर्षांत एकदाच सापडते. व्याज साचत राहते, फाईल कपाटात जाते आणि ज्या आजीच्या नावाने ठेव केली, तिचे नाव वार्षिक अहवालाच्या तळटिपेत उरते. मूळ हेतू अशक्य झाल्यास सार्वजनिक न्यासांसाठी तो बदलून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्याकरिता न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यापेक्षा ‘अमुक अर्जदार न मिळाल्यास पुढील प्राधान्य अमुक’ ही एक ओळ आरंभीच लिहिलेली बरी.

फक्त आपल्याच समाजातील विद्यार्थी असावा, ही इच्छाही अनेकांच्या मनात असते. तिच्यामागील आपुलकी समजण्यासारखी आहे. समाजाच्या वसतिगृहांनी आणि विद्यालयांनी त्या मार्गाने मोठे काम केले आहे. परंतु १ एप्रिल १९६२ नंतर एखाद्या विशिष्ट धर्माच्या वा जातीच्याच लाभासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासास आयकरातील सवलतीला मुकावे लागते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. देणगीदाराच्या वजावटीचेही नियम आहेत. रोख दोन हजारांपेक्षा अधिक दिलेल्या देणगीवर वजावट मिळत नाही, आणि नवी करपद्धती स्वीकारलेल्या व्यक्तीस ती मुळातच नाही. म्हणून करसल्लागारास आधी विचारावे, धनादेश नंतर लिहावा.

निवडीचे काम समितीकडे असते. जाहिरात निघते, विद्यार्थी गुणपत्रक, प्रवेशाची पावती आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करतात, छाननी होते आणि गुण व गरज यांचा मेळ घालून यादी लागते. गुणांना किती आणि गरजेला किती महत्त्व द्यायचे, हे नियमावलीत आकड्यांत असावे. समितीच्या मर्जीवर सोडू नये. देणगीदाराच्या कुटुंबातील एक सदस्य बैठकीस निमंत्रित असावा, त्याने कामकाज पाहावे; मत देऊ नये हे उत्तम. नातेवाइकाच्या किंवा गुमास्त्याच्या मुलासाठी शब्द टाकण्याचा मोह तेथेच संपतो. त्या मुलाला मदत करावयाची असेल, तर घरातून करावी. ती मदतही पुण्याचीच आहे, परंतु तिला शिष्यवृत्ती म्हणू नये.

वेळेचे भान हा या सर्वांतील सर्वांत मोठा प्रश्न आहे. शुल्क भरावयाचे असते जून-जुलैत; शिष्यवृत्तीची यादी पुष्कळदा डिसेंबर-जानेवारीत लागते. ज्याच्या घरी पैसे आहेत, तो विद्यार्थी तोवर थांबू शकतो. ज्याच्यासाठी ठेव केली, तो एक तर व्याजाने पैसे काढतो किंवा प्रवेशच सोडतो. यासाठी दोन कलमे उपयोगी पडतात. पहिले, मागील वर्षाच्या व्याजातून चालू वर्षाची शिष्यवृत्ती द्यावी, म्हणजे सत्राच्या आरंभी रक्कम हाताशी असते. दुसरे, पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात आणि पुढील हप्ता सत्राच्या निकालानंतर द्यावा. निकाल समाधानकारक असल्यास शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत चालू ठेवावी. तीन विद्यार्थ्यांना प्रत्येकी एका वर्षाची मदत करण्यापेक्षा एकाला तीन वर्षे धरून ठेवणे अधिक फलदायी ठरते.

गेल्या पिढीतील अनेक शेठजींनी शाळेच्या खोल्या बांधल्या, संगमरवरी पाट्या लावल्या. ते कार्यही आवश्यक होते. शिष्यवृत्तीची पाटी मात्र कोणत्याही भिंतीवर नसते. ती ज्याला मिळते, त्याच्या परिचयपत्रातील एका ओळीत असते, आणि त्या ओळीत कोणाचे नाव येईल हे देणगीदारास निवडता येत नाही. दानपत्रावर सही करण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. उद्या पेढी अडचणीत आली, तर हे मुद्दल सुरक्षित राहील काय? पंचवीस वर्षांनी या रकमेत एका विद्यार्थ्याचे शुल्क भागेल काय? आणि आपल्या ओळखीचा कोणीही कधी निवडला गेला नाही, तरी आपल्याला आनंद वाटेल काय? तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर धनादेश लिहावा. एखाद्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर सही चार दिवस पुढे ढकलावी आणि मसुदा पुन्हा वाचावा.