गप्पांचा निकाल

मराठीत भाषण देतात, चर्चा करतात, बोलणी लावतात; गप्पा मात्र मारतात, हाणतात, ठोकतात, छाटतात. ही सारी क्रियापदे हातघाईची आहेत. त्याच भाषेत थापही मारतात. म्हणजे गप्प आणि थाप यांच्यात क्रियापदाचाही फरक नाही. फरक ओळखायचा तो ऐकणाऱ्याने. शिवाय चकाट्या पिटणे वेगळे, कंड्या पिकवणे वेगळे, कुटाळक्या करणे आणखी वेगळे. ज्या गोष्टीच्या इतक्या छटा भाषेने जपून ठेवल्या, ती रिकामटेकड्यांची म्हणून बाजूला सारण्यासारखी नक्कीच नाही. यंदाच्या अंकाचा विषय गप्पा हाच आहे, आणि त्याही विषयाचे कुंपण नसलेल्या: विनोदावरून रानात, रानातून इतिहासात, इतिहासातून यंत्रांकडे आणि तिथून थेट कुस्तीच्या हौद्यात उतरणाऱ्या. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांचा पिंडच असा सरमिसळीचा आहे. कथेशेजारी कविता, तिच्याशेजारी व्यंगचित्र, पलीकडे प्रवासवर्णन आणि राशिभविष्य. म्हणून या गप्पांची तपासणी ही आपल्या घरचीच तपासणी आहे. प्रश्न साधा आहे. अशा स्वैर बोलण्यातून माणसाला काही कळते, की कळल्याचा नुसता भास होतो?

कळते, याचे पुरावे भरपूर आहेत. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर, एमिल कोनोपिन्स्की आणि हर्बर्ट यॉर्क हे चार शास्त्रज्ञ जेवायला निघाले होते. बोलणे चालले होते ‘न्यूयॉर्कर’मधल्या एका व्यंगचित्राबद्दल. शहरातले कचऱ्याचे डबे नाहीसे होत होते, आणि ते परग्रहवासी उडत्या तबकड्यांतून पळवतात असे त्या चित्रकाराने दाखवले होते. हसणे झाले, विषय बदलला, आणि जेवता जेवता फर्मींनी एकदम विचारले की विश्वात इतरत्र जीव असतील तर ते अजून इथे आलेले का दिसत नाहीत. सत्तर वर्षे उलटून गेली तरी खगोलशास्त्रज्ञ त्या प्रश्नाशी झगडत आहेत. कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन बसलेल्या बैठकीत कचऱ्याच्या डब्यावरून आकाशगंगेवर जाण्याची सोय नसते. गप्पांत असते, कारण तिथे ‘विषयाला धरून बोला’ म्हणणारा अध्यक्ष नसतो.

आज या प्रकारच्या गप्पांचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या जो रोगन यांचा पॉडकास्ट. डिसेंबर २००९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचे रूप दोन-तीन विनोदकारांनी मायक्रोफोनसमोर बसून केलेल्या टवाळकीचे होते. पुढे त्याच खुर्चीवर भौतिकशास्त्रज्ञ, शिकारी, इतिहास सांगणारे, मुष्टियोद्धे, उद्योगपती येऊन बसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प तिथे सुमारे तीन तास बोलले. लोकांची चित्त देण्याची ताकद संपली, दोन मिनिटांपलीकडे कोणी ऐकत नाही, अशी ओरड सर्वत्र चालू असताना कोट्यवधी माणसे तीन-तीन तासांचे बोलणे ऐकू लागली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सामान्य श्रोत्याला खोलात जायचे असते; त्याला तशी संधी देणारे कमी पडत होते, एवढेच.

पण रोगन मुळात कोण, हे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ते विनोदकार आहेत, तरुणपणी तायक्वांदो खेळलेले आहेत आणि अनेक वर्षे मिश्र युद्धकलांच्या लढतींचे समालोचन करत आले आहेत. या दोन्ही क्षेत्रांत निकाल ताबडतोब लागतो. विनोद सांगितला आणि सभागृह हसले नाही, तर विनोद पडला. त्यावर अपील नाही. हौद्यात पाठ टेकली की टेकली. वस्तादाने कितीही समजावले, पाठीराख्यांनी कितीही गलका केला, तरी चितपट झालेला मल्ल उभा ठरत नाही. म्हणूनच विनोदकार आणि मल्ल यांच्या बोलण्यात एक रोखठोकपणा असतो. त्यांनी आपली मते रोजच्या रोज पणाला लावलेली असतात. माझे म्हणणे आहे ते या निकालाच्या वेगाबद्दल. प्रत्येक विषयाचा निकाल आपापल्या वेगाने लागतो, आणि गप्पांचा सूर मात्र सर्व विषयांत एकच राहतो. स्वैर गप्पांचा खरा धोका या विसंगतीत आहे. विषय अनेक असण्यात तो नाही.

झटपट निकालाची किंमत किती मोठी, हे आधी मान्य करू. कराटे भारी की बॉक्सिंग, कुस्ती भारी की सुमो, हा वाद जगभरच्या तालमींच्या ओट्यांवर पिढ्यानपिढ्या चालला. प्रत्येक संप्रदायाकडे आपल्या अचाट डावांच्या कथा होत्या. नुसत्या स्पर्शाने माणूस पाडतो म्हणणारे गुरूही होते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये आठ वेगवेगळ्या पद्धतींचे लढवय्ये एकाच रात्री एकमेकांसमोर उभे करण्यात आले. एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. जिंकला तो अंगापिंडाने बेताचा रॉइस ग्रेसी. ब्राझिलियन जुजुत्सूच्या जोरावर त्याने तिघांना जमिनीवर नेऊन शरण आणले, आणि तिन्ही लढती मिळून जेमतेम पाच मिनिटे चालल्या. स्पर्धा ग्रेसी घराण्याच्याच पुढाकाराने भरली होती आणि नियम त्यांना मानवणारे होते, हे सांगितले पाहिजे. निकालालाही अटी असतात. तरीही जमिनीवरची झुंज ज्याला येत नाही त्याची उभ्याची कला अपुरी, एवढे त्या रात्री उघड झाले. ज्या दंतकथा शंभर वर्षांच्या वादाने मोडल्या नव्हत्या त्या एका रात्रीत ढासळू लागल्या.

आता यंत्रांकडे या. तिथे दोन निकाल असतात, आणि पहिला निकाल दुसऱ्याला झाकतो. १९३० साली टॉमस मिजली यांनी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत शीतकपाटासाठी तयार केलेला नवा वायू छातीत भरून घेतला आणि तो हळूच सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका श्वासात सिद्ध झाले. सभेतल्या कोणालाही याहून चोख पुरावा मागता आला नसता. दुसरा निकाल हवेत वर वर चढत होता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी या कुळातले वायू ओझोनचा थर खातात असे मांडले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे विवर जाहीर झाले, आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार करावा लागला. मेणबत्तीपासून करारापर्यंत सत्तावन्न वर्षे. इतिहासाचा निकाल तर याहून रेंगाळतो. शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा, या प्रश्नावर बखरींच्या आधाराने १६२७ हे साल रूढ होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली, परमानंदाच्या शिवभारताचा दुजोरा मिळाला. आणि तरी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारदरबारी रुजू व्हायला ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली. ज्या पुरुषाच्या चरित्राचा एकेक दिवस मराठी माणसाला पाठ असतो, त्याच्या जन्मदिवसाची ही कथा. मग बारा हजार वर्षांपूर्वी काय घडले, याचा फैसला दिवाणखान्यातल्या एका संध्याकाळी कसा व्हावा?

गप्पांत मात्र तो होतो. तासभर लढतींवर बोलून झाले, त्यात बोलणाऱ्याचा अधिकार ठसला, की तोच अधिकार तो नकळत लसीवर, हवामानावर, पिरॅमिडवर बोलताना वापरतो, आणि ऐकणाराही नकळत तो मान्य करतो. करोनाच्या काळात नेमके हे घडले. जानेवारी २०२२ मध्ये अडीचशेहून अधिक डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि प्राध्यापकांनी रोगन यांच्या कार्यक्रमातल्या लसीविषयीच्या विधानांवर आक्षेप घेणारे खुले पत्र लिहिले, गायक नील यंग यांनी हा कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली, आणि स्पॉटिफायला करोनावरच्या बोलण्यासोबत सूचना जोडणे भाग पडले. वेगळे मत असलेले तज्ज्ञही बोलावण्याचा प्रयत्न करीन, असे रोगन यांनीही तेव्हा सांगितले. लसीचा परिणाम हजारो माणसांच्या नोंदी महिनोन्महिने ताडून कळतो. समोरच्याच्या डोळ्यांतला प्रामाणिकपणा पाहून तो कळत नाही, आणि गप्पांत तपासता येतो तो प्रामाणिकपणाच.

यावर कोणी म्हणेल, गप्पा त्या गप्पा. त्यांच्याकडून पुरावे मागणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत तराजू घेऊन बसणे. चावडीवर हे खरे होते. तिथे बोलणारा कोण, त्याने मागच्या पावसाबद्दल काय सांगितले होते आणि काय झाले, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असे. ‘राहू दे रे, तुझं नेहमीचंच’ असे म्हणणारा एक म्हातारा पाराच्या कडेला बसलेला असेच. चावडीवरचे बोलणे संध्याकाळीच विरून जाई. आज तेच बोलणे साठवले जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे कापले जाते. तीन तासांत वक्ता चार वेळा ‘मला खात्री नाही’ म्हणालेला असतो, पण मोबाइलवर फिरणाऱ्या मिनिटभराच्या तुकड्यात ते चारही वेळचे म्हणणे गळून पडते आणि उरते ते ठाम विधान. लांब गप्पांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यांच्यातली चाचपड. तुकडा करणारी कात्री पहिल्यांदा तीच कापते. पारावरचा म्हातारा तर आता त्या वर्तुळाच्या बाहेरच आहे. तो ऐकू शकतो, टोकू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जाणकार माणूस मध्ये आणून बसवला की गप्पा मरतात, तो दर वाक्याला अडवतो, रंग जातो. अनुभव उलटा आहे. १९५१ साली आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड भागात शिकारीला गेलेल्या ह्यू बीव्हर यांचा नेम गोल्डन प्लोव्हर या पक्ष्यावर चुकला. हा आपल्या चिखल्याच्या कुळातला पक्षी. संध्याकाळी वाद पेटला की युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी हाच काय. हाताशी असलेल्या ग्रंथांत उत्तर सापडेना. बीव्हर हे गिनेस या मद्यकंपनीचे प्रमुख. मद्यालयांत रोज रात्री असे वाद होत असणार, हे त्यांनी ताडले, आणि नॉरिस व रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांकडून १९५५ मध्ये विक्रमांचे ते प्रसिद्ध पुस्तक करवून घेतले. त्या पुस्तकाने जगातल्या गप्पा बंद पाडल्या नाहीत. लोकांना भांडायला आणखी हजार विषय दिले. रोगन यांच्याकडचाच दाखला घ्यायचा तर एप्रिल २०२४ चा. हिमयुगात लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीची कल्पना मांडणारे लेखक ग्रॅहम हॅनकॉक आणि पुरातत्त्वज्ञ फ्लिंट डिबल यांना त्यांनी समोरासमोर बसवले. चार तासांहून अधिक चाललेल्या त्या बैठकीत डिबल यांनी धान्याच्या बियांवरून शेतीचा उगम कसा ओळखतात ते सांगितले. रानटी गव्हाची ओंबी पिकली की मोडून विखुरते आणि दाणे रानात पडतात. माणसाने पिढ्यानपिढ्या पेरलेल्या गव्हाची ओंबी कापणीपर्यंत अभंग राहते. म्हणजे एखाद्या थरात सापडलेला ओंबीचा जळका तुकडाही तिथे शेती होती की नाही याची साक्ष देतो. पुरातत्त्वज्ञांनी आजवर जे अभ्यासले आहे त्यात अशा प्रगत संस्कृतीचा पुरावा नाही, हे हॅनकॉक यांनी तिथे मान्य केले. डिबल यांच्याही काही विधानांवर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण एकट्या हॅनकॉकना ऐकणाऱ्याला गव्हाच्या ओंबीचे रहस्य कधी कळले असते? टोकणारा आला म्हणून रंग गेला नाही. खरा रंग तेव्हाच भरला.

राहता राहिले ते वेगेनरांचे नाव. तज्ज्ञांविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण ते पुढे करतो. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होते. खंड सरकतात असे त्यांनी १९१२ मध्ये मांडले, भूशास्त्रज्ञांनी त्यांना धुडकावले, आणि १९६० च्या दशकात तेच बरोबर ठरले. तज्ज्ञ चुकतात, कधी पन्नास वर्षे चुकतात, हे पूर्ण खरे. पण वेगेनर बरोबर ठरले ते कशाने? समुद्रतळाची मोजणी झाली, खडकांतल्या चुंबकीय पट्ट्या वाचल्या गेल्या, म्हणून. स्वतः वेगेनर आपल्या ग्रंथाची आवृत्ती दर खेपेला नव्या पुराव्यांनिशी सुधारत राहिले आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असताना वारले. संथ निकालाला त्यांनी आयुष्य दिले. त्यांचे नाव घेऊन निकालाची वाटच न पाहणारे त्यांच्यावर अन्याय करतात, असे मला मनापासून वाटते.

म्हणून विषयांची कुंपणे घालावीत असे मला वाटत नाही, गप्पा आखूड कराव्यात असे तर मुळीच नाही. हवी आहे ती बोलता बोलता सूर बदलण्याची सवय: आता आपण हौद्यातून बाहेर आलो, आता ज्या गोष्टीवर बोलतो आहोत तिचा निकाल इथे लागणारा नाही, याची जाणीव ठेवून केलेले बोलणे. त्या जाणिवेने गप्पा फिक्या पडत नाहीत. १८३७ मध्ये चार्ल्स डार्विन आपले मामा जोसाया वेजवुड यांच्याकडे मेअर इथे गेले असता मामांनी बोलता बोलता सांगितले की शेतात पसरलेला चुना आणि राख काही वर्षांनी मातीखाली गाडली जाते, आणि हे काम गांडुळांचे असावे. भाच्याने त्याच वर्षी यावर एक निबंध वाचला, पण तेवढ्यावर सोडले नाही. डिसेंबर १८४२ मध्ये डाउन इथल्या आपल्या घराजवळच्या कुरणात त्यांनी खडूचे तुकडे पसरवले आणि वाट पाहिली. नोव्हेंबर १८७१ मध्ये, एकोणतीस वर्षांनी, तिथे चर खणला तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ सात इंच खाली सापडली. गांडुळांवरचे पुस्तक आले १८८१ मध्ये, डार्विन यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. तोवर मामांना, जे पुढे त्यांचे सासरेही झाले, जाऊन अडतीस वर्षे झाली होती. पुस्तकाच्या सुरुवातीलाच डार्विन यांनी मेअरच्या त्या बोलण्याची नोंद करून श्रेय मामांना दिले आहे.