आधी दार वाजवा!

बर्थडेला गिफ्ट मिळालेला तो पांढराशुभ्र गोळा पहिले दोन-तीन महिने किती गोड वाटतो ना? रील्सही भारी होतात. मग एक दिवस तुम्ही पिंजऱ्यात हात घालता आणि तो गुरगुरत अंगावर येतो. कधी चावतोही. घरात लगेच निकाल लागतो, ‘बिघडलाय हा, देऊन टाक कुणाला तरी!’

थांबा. तो बिघडलेला नाही, वयात आलाय. पाळीव सशांचे पूर्वज युरोपातले, जमिनीखालच्या बिळांत गटाने राहणारे. हद्द राखली तरच तिथे निभाव. साधारण ४ ते ६ महिन्यांचा झाला की ससा सोफ्यापासून तुमच्या बॅगेपर्यंत सगळ्याला हनुवटी घासून आपला वास लावतो. लेंड्या टाकतो, शू उडवतो. ती त्याची नेमप्लेट!

न विचारता कुणी तुमच्या रूममध्ये घुसून आवराआवर केली, तर तुम्हीही भडकताच की! मग त्यालाही तेवढा मान द्या. तो बाहेर फिरत असताना पिंजरा साफ करा. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, शिकारी पक्षी तसाच येतो. सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घ्या, हा त्रास बहुतेक वेळा बराच कमी होतो. दुसरा ससा आणलात तर पहिली भेट दोघांनाही नव्या असलेल्या जागेत घडवा.

एवढं जमणार नसेल, तर ससा आणूच नका. तो ८-१० वर्षं जगतो, तुमची डिग्री संपल्यावरही. आणि बागेत सोडून दिलेला पाळीव ससा ‘मोकळा’ होत नाही, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातो.