जुना संगणक आणि आईचा आवाज

गेल्या डिसेंबरात आमची आई परभणीहून इथे न्यू जर्सीत आली. सहा महिन्यांचा मुक्काम, त्यातले पहिले दोन महिने थंडीमुळे घरातच गेले. एका दुपारी भाकरीचे पीठ मळता मळता तिने सहज एक ओवी धरली. ती संपते न संपते तोच दुसरी आली, आणि मग आमच्या आजीकडून तिच्याकडे आलेल्या, जात्यावरच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या एकामागून एक उमटत राहिल्या. आम्ही धावत तळघरातला जुना लॅपटॉप वर आणला आणि त्याच्याच मायक्रोफोनवर मुद्रण सुरू केले. वीस मिनिटांनी ऐकले, तेव्हा आवाजाला जागोजागी खाचा पडलेल्या होत्या, एके ठिकाणी अख्खी ओळ गळाली होती, आणि या सगळ्यामागे पंख्याची घरघर अखंड चालू होती. आईला पुन्हा म्हणण्याची विनंती केली, तर ती म्हणाली, "आता ते तसंच कसं येईल, लेका?"

त्या रात्री आम्ही नव्या संगणकांच्या किमती पाहत बसलो. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला नव्या यंत्राचा मोह इतरांपेक्षा अधिकच असतो. परंतु हजार-बाराशे डॉलर खर्चण्यापूर्वी खाचा का पडल्या, हे समजून घेणे आवश्यक होते.

हिशेब साधा आहे. एका मायक्रोफोनचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने आणि २४ बिट खोलीने नोंदवला, तर सेकंदाला १,४४,००० बाइट साठतात. मिनिटाला सुमारे साडेआठ मेगाबाइट, तासाला सुमारे ५२० मेगाबाइट. जुनी फिरती हार्ड डिस्कही सेकंदाला कित्येक मेगाबाइट सहज लिहिते. म्हणजे संगणक मंद होता म्हणून ओळ गळाली नाही. तो ऐन वेळी दुसऱ्या कामात अडकला म्हणून गळाली. आमच्या लॅपटॉपमध्ये चारच जीबी रॅम होती. ती भरली की कार्यप्रणाली जास्तीचा पसारा त्याच डिस्कवर ठेवू लागते, त्यात पार्श्वभूमीला अद्ययावतीकरण सुरू होते, आणि डिस्कचे डोके इकडून तिकडे धावत राहते. तेवढ्यात येऊन साचलेला आवाज वेळेवर उचलला गेला नाही की तो कायमचा गेला.

निदान कळल्यावर औषध स्वस्त निघाले. लॅपटॉप २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीच्या इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसरचा. प्रोसेसरला आम्ही हातही लावला नाही. एका कंठासाठी, किंवा ढोलकी, पेटी आणि दोन कंठ एवढ्यांसाठीसुद्धा, तो पुरून उरतो. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली. इथे एक सावधगिरी हवी. दुकानात आज सर्वत्र दिसणारी चपट्या पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी या वयाच्या बहुतेक यंत्रांत बसत नाही. रॅमचेही तसेच, डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती इथे शिरणारच नाही. डीडीआर-३ एल, १.३५ व्होल्टची, लॅपटॉपची रॅम मागावी. आठ जीबीच्या दोन पट्ट्या आम्हाला वापरलेल्या मिळाल्या. आठ जीबी एकूणही चालली असती, पण पट्ट्या जोडीनेच विकायला होत्या.

स्क्रू सोडवण्यापूर्वी दोन गोष्टी. जुन्या डिस्कवरची छायाचित्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर पुढचे काही करू नये. ती प्रथम काढून पुनर्चक्रीकरण केंद्रात द्यावी, कचऱ्यात टाकू नये.

घरघरीचे कारण पंख्यात साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरचा वाळून गेलेला थर्मल पेस्ट हे होते. धूळ ब्रशने काढली, जुना पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढा नवा लावला. यंत्र इतके शांत झाले की ते सुरू आहे की नाही, हे पाहण्यासाठी मुले त्याला कान लावू लागली.

कार्यप्रणालीचा प्रश्न उरला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशी असंख्य चालती यंत्रे आता भंगारात जातील, याचे आम्हाला वाईट वाटते. आम्ही उबुंटू स्टुडिओ हे ध्वनिकामासाठी सजवलेले लिनक्स घातले. ते मोफत आहे, आणि मुद्रणाचे ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअरही मोफत. विंडोजवरच राहायचे असेल, तर मुद्रणासाठी ते यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावे. तसे केल्याने खाचांचा निम्मा उपद्रव आपोआप मिटतो.

एसएसडी, रॅम आणि पेस्ट मिळून ७८ डॉलर लागले. उरलेले १६० डॉलर आम्ही संगणकाबाहेर खर्चिले, आणि आमच्या मते खरा फरक तिथेच पडला. वापरलेला दोन वाहिन्यांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, वापरलेला डायनॅमिक मायक्रोफोन, एक स्टँड आणि तार. डायनॅमिकच का, असे कोणी विचारील. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक बारीक ऐकतो हे खरे, पण तो शेजारच्या सदनिकेतली भांडीही ऐकतो. स्टुडिओ नसलेल्या घरात तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक मायक्रोफोन बरा. इंटरफेस घेताना त्यावर 'डायरेक्ट मॉनिटर'ची सोय आहे ना, हे पाहावे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून उशिरा ऐकू आला की ताल सुटतो. १०२४ नमुन्यांच्या बफरला एकट्यालाच २१ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात आवाज हवेतून सात मीटर जातो. डायरेक्ट मॉनिटरमध्ये हा वळसाच टळतो. आईने मात्र हेडफोन दोन मिनिटांत काढून ठेवला. "माझाच आवाज मला कशाला ऐकवता?" तिचे बरोबर होते, एकट्या कंठाला हेडफोनची गरजच नसते.

फोन असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप आम्ही घरीही ऐकला. काहीच नसेल तर फोन जरूर वापरावा. पण बहुतेक फोन बोलणे ऐकण्यासाठी घडवलेले असतात. मोठा स्वर दाबायचा, हळू स्वर उचलायचा, मधला श्वास गोंगाट समजून पुसायचा, ही कामे ते न विचारता करतात. जात्याच्या ओवीत तो श्वासच लय धरतो.

मुद्रणाची जागा म्हणून निजण्याची खोली निवडली. आईने स्वतः शिवलेली गोधडी तिच्या पाठीमागे टांगली, समोर कपड्यांचे उघडे कपाट. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात बराच विरतो. हीटर बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करण्याचे विसरू नये म्हणून मोटारीची किल्ली त्यातच ठेवली. पहिल्या दिवशी ही युक्ती केली नव्हती, आणि दोन लिटर दूध गेले. सर्वांत उंच स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा आवाज लावला. २४ बिटांत एवढी मोकळी जागा सोडली तरी बिघडत नाही. वर कापला गेलेला स्वर मात्र पुढे कशानेही जोडता येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि त्यांत बाबासाहेबांवर बायकांनी रचलेल्या ओव्याही आहेत. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ते पाहून आम्ही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी आईलाच विचारतो: ही कोणाकडून शिकलीस, कुठे, कोणते काम करताना? उत्तरे कधी कधी ओवीपेक्षा लांब होतात. ती आम्ही कापत नाही. फाइल मूळ वेव्ह स्वरूपात ठेवतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक परभणीला धाकट्या भावाकडे.

आजवर ४३ ओव्या आणि वामनदादा कर्डकांची ६ गाणी झाली आहेत. त्या दुपारी गळालेली ओळ आईला अजून आठवलेली नाही. परवा भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणत होती, तेव्हा मुलीने धावत जाऊन फ्रिज बंद केला. पण आजी लगेच थांबली आणि हसू लागली. परतीचे तिकीट मे महिन्याच्या अखेरचे आहे. मायक्रोफोन आता स्वयंपाकघरातच उभा असतो.