नोकरी सांभाळून ‘डॉक्टर’ : वाशिमच्या अधिकाऱ्याने डीबीए करावी की पीएच.डी.?

चाळिशी-पन्नाशीतल्या, बँकेत किंवा कंपनीत वरच्या हुद्द्यावर असलेल्या माणसाने फेसबुक किंवा लिंक्डइन उघडलं, की एक जाहिरात वारंवार समोर येते. नोकरी न सोडता, घरबसल्या, व्यवसाय व्यवस्थापनात डॉक्टरेट मिळवा आणि नावामागे ‘डॉ.’ लावा. पदवीचं नाव असतं डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन. विद्यापीठ बहुतेक वेळा परदेशातलं असतं आणि फी काही लाखांत.

या जाहिराती आता फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांपुरत्या राहिलेल्या नाहीत. वाशिम, रिसोड, कारंजा इथले बँक अधिकारी, डाळ मिलचे व्यवस्थापक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या मोबाइलवरही त्या पोचतात. ही पदवी खरी आहे का? भारतात ती चालते का? आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात राहून डॉक्टरेट करायचीच असेल, तर वाट कोणती?

डीबीए म्हणजे नेमकं काय?

डीबीए ही बनावट कल्पना नाही. ब्रिटनमध्ये ती पीएच.डी.च्याच पातळीची पदवी मानली जाते. लंडनची ‘अॅम्बा’ ही संस्था एमबीएप्रमाणे डीबीए अभ्यासक्रमांनाही मानांकन देते.

ढोबळ फरक असा. पीएच.डी. करणारा विचारतो, ‘या विषयाच्या ज्ञानात कुठली जागा रिकामी आहे?’ डीबीए करणारा विचारतो, ‘माझ्या कामातला हा प्रश्न सुटत का नाही?’ दोघांनाही संशोधनाची पद्धत शिकावी लागते, माहिती गोळा करावी लागते, प्रबंध लिहावा लागतो. म्हणून डीबीएला व्यावसायिक डॉक्टरेट म्हणतात आणि ती बहुधा अर्धवेळ असते.

पण नुसत्या नावावरून काही ठरत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलची डीबीए ही पूर्णवेळ संशोधनाची पदवी होती. २०१८ पासून तिथे तिच्या जागी पीएच.डी. आली. दुसरीकडे, डीबीए हेच नाव लावून जेमतेम वर्षभरात, फारसं संशोधन न करवता कागद हातात देणाऱ्या संस्थाही जगात आहेत.

भारतात काय चालतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, पीएच.डी.चे नवे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. त्यात अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मात्र नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यूजीसी आणि एआयसीटीई यांनी मिळून इशारा दिला होता, की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांच्या साथीने देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने पुन्हा सांगितलं, की परवानगीशिवाय अशा भागीदारीतून दिलेल्या परदेशी पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.

परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे वेगळे नियम एप्रिल २०२५ मध्ये आले. देणारी संस्था तिच्या स्वतःच्या देशात मान्यताप्राप्त असणं ही त्यातली एक मूळ अट आहे. फ्रँचायझी पद्धतीने मिळवलेली पदवी समकक्ष धरली जात नाही.

याचा अर्थ परदेशी डीबीए घेणं गुन्हा आहे असा नाही. खासगी कंपनीत कुणी ती मान्य केली, तर तो त्या कंपनीचा प्रश्न. पण सहायक प्राध्यापकाची जागा किंवा जिथे यूजीसीमान्य पात्रता मागितली जाते अशी सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल, तर लाखो रुपये भरून घेतलेला कागद अर्जाच्या पहिल्याच छाननीत बाद होऊ शकतो.

वाशिममधून वाट कोणती?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेतली अर्धवेळ पीएच.डी. हा इथल्या नोकरदारासाठी सर्वात जवळचा आणि तुलनेने स्वस्त मार्ग.

नियम साधारण असे आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क पूर्ण करावा लागतो. कालावधी किमान ३ वर्षं, कमाल ६ वर्षं, त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना याशिवाय २ वर्षांची सवलत आहे.

नोकरदारासाठी खरी कसोटी ना-हरकत प्रमाणपत्राची. नोकरी देणाऱ्याने लेखी सांगावं लागतं, की या व्यक्तीला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे तिला संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तिला मोकळं केलं जाईल. मार्चअखेरीची वसुली, पीककर्जाचा हंगाम आणि बदल्यांचं चक्र यात अडकलेल्या शाखाधिकाऱ्याला यातली शेवटची अट जड जाते.

दुसरी अडचण मार्गदर्शकाची. एक प्राध्यापक एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ विद्यार्थी घेऊ शकतो. आपल्या विषयातला मार्गदर्शक आणि त्याच्याकडे रिकामी जागा, दोन्ही एकाच वर्षी जुळून यावं लागतं.

तिसरा मार्ग आयआयएम आणि तत्सम संस्थांचा. आयआयएम लखनौचा वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीचा फेलो कार्यक्रम किंवा आयआयएम कोझिकोडची ‘प्रॅक्टिस ट्रॅक’ पीएच.डी. हे स्वभावाने डीबीएच्या जवळचे आहेत. २०१७ चा आयआयएम कायदा लागू होण्याआधी या संस्थांना पदवी देण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून जुने विद्यार्थी ‘फेलो’ म्हणवून घेतात. हैदराबादच्या आयएसबीसारख्या ठिकाणी मात्र आजही ‘फेलो’ हा किताब मिळतो, विद्यापीठाची पदवी नाही. प्रवेश घेताना हा फरक आधी विचारून घ्यायला हवा.

विषय तर दारातच आहेत

वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तरुण संशोधकाकडे नसलेली एक गोष्ट असते. वीस वर्षं एकाच प्रश्नाशी घेतलेली झटापट. वाशिममध्ये असे प्रश्न पावलोपावली आहेत.

उदाहरणार्थ, जिल्हा वेगळा होऊन पाव शतक उलटलं तरी वाशिमला स्वतंत्र जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक नाही. अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकच दोन्ही जिल्हे सांभाळते. दोन जिल्हे, दोन प्रशासनं आणि एक बँक, याचा पीककर्जाच्या वाटपावर आणि वसुलीवर काय परिणाम होतो? हे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा आत काम केलेला माणूस अधिक नेमकं विचारू शकतो.

सोयाबीनचंही तसंच. २०२४-२५ साठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. पण २०२४ च्या हंगामात अनेक बाजारांत प्रत्यक्ष भाव हमीभावाच्या खाली राहिला. अशा वर्षी एखादी शेतकरी उत्पादक कंपनी खेळतं भांडवल टिकवते आणि शेजारची बंद का पडते?

समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये. इथल्या व्यापाऱ्याचा माल आणि नफा यामुळे कुठे वळला?

२०१८ पासून वाशिम देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. जिल्ह्याची आकडेवारी त्यामुळे नियमित दिल्लीला जाते. पण आकड्यांमागचं ‘का’ लिहून ठेवणारे कमी आहेत. अनुभवी अधिकारी निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याबरोबर हे ‘का’ही निघून जातं. अर्धवेळ डॉक्टरेटचा खरा उपयोग इथे आहे.

आतल्या माणसाची अडचण

जे बळ, तीच जोखीमही. साहेबानेच प्रश्नावली वाटली, तर हाताखालचा कर्मचारी खरं उत्तर देईल का? खातेदारांची माहिती बँकेच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. आणि निष्कर्ष आपल्याच संस्थेच्या विरोधात गेला तर? हे मुद्दे मार्गदर्शकाशी पहिल्याच वर्षी मिटवावे लागतात, नाहीतर चौथ्या वर्षी प्रबंध अडकतो.

‘लिहून देणाऱ्या’ दुकानांचा मोहही याच टप्प्यावर होतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होतो. म्हणजे उसनं लिखाण आज नाही तर उद्या कुणीतरी वाचतोच.

शिकवायचं असेल, तर डॉक्टरेट लागतेच का?

निवृत्तीनंतर महाविद्यालयात शिकवावं, ही अनेकांची इच्छा असते. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट खुली केली आहे. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असेल, तर औपचारिक पदवीची अट नाही. नेमणूक ठरावीक मुदतीची असते, साधारण ३ वर्षांपर्यंत. अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतात. फक्त शिकवणं हाच हेतू असेल, तर सहा वर्षं घालवण्याआधी ही चौकशी करावी.

पैसे भरण्याआधी काय तपासावं?

• संस्था यूजीसीच्या यादीत आहे का? यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी देते. त्यात नागपूरच्या ‘राजा अरेबिक विद्यापीठा’चं नाव अनेक वर्षं आहे.
• परदेशी विद्यापीठ असेल, तर त्याच्या स्वतःच्या देशातल्या नियामकाची मान्यता त्या नियामकाच्याच संकेतस्थळावर पाहावी, जाहिरातीत नाही.
• प्रमाणपत्रावर शब्द कोणता असेल : पीएच.डी., डीबीए, फेलो की ‘मानद’? हे लेखी घ्यावं.
• आधीचे प्रबंध वाचायला मागावेत. जी संस्था एकही प्रबंध दाखवू शकत नाही, तिथे संशोधन होतं असं मानायला आधार नाही.

थोडक्यात, हवं काय यावर वाट ठरते. प्राध्यापकी किंवा सरकारी पात्रता हवी असेल, तर यूजीसीच्या नियमांतली पीएच.डी. शिकवायचं असेल, तर अनुभव पुरेसा ठरू शकतो. कामातला एखादा प्रश्न वर्षानुवर्षं छळत असेल, तर चांगली डीबीए किंवा अर्धवेळ पीएच.डी. दोन्ही उपयोगी आहेत. आणि फक्त नावामागे ‘डॉ.’ हवं असेल, तर ते लाखो रुपयांना पडतं आणि मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नापर्यंतच टिकतं.